‘झीज’ या शब्दाची झाडाझडती

गुडघ्यांविषयी बोलताना मराठी माणूस एक गमतीदार क्रियापद वापरतो. गुडघे ‘जातात’. अमक्यांचे गुडघे गेले असे म्हणताना ते गावाला गेले असावेत आणि परतीचे तिकीट काढलेले नसावे, असा सूर असतो. ते का गेले, याचे उत्तरही तयार असते: झिजले. गादी झिजली, वंगण संपले, ग्रीस आटले, गॅप कमी झाला. एक्स-रे पाहून डॉक्टरही घाईत तेच सांगतात, ‘झीज आहे, वयोमानाप्रमाणे व्हायचीच’, आणि रुग्ण मान डोलावून बाहेर पडतो. ऑस्टिओआर्थ्रायटिस या आजाराचे आपल्याकडचे सारे शिक्षण या एका शब्दात सुरू होते आणि तिथेच संपते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना हा आजार होता, त्यांत साठ टक्के स्त्रिया होत्या आणि गुडघा हा सर्वांत जास्त सापडणारा सांधा होता. एवढ्या माणसांच्या दुखण्याचे ओझे एका शब्दावर टाकायचे, तर तो शब्द खरा आहे की नाही हे आधी तपासायला हवे. पुढील पानांचे म्हणणे असे की तो अर्धवट खरा आहे, आणि त्याचे उरलेले अर्धे लोकांना चुकीच्या वाटेने नेते.

झिजण्याची कल्पना आपण यंत्राकडून घेतली आहे. बैलगाडीचा आख, शिलाई यंत्राचा दट्ट्या, गाडीचा टायर हे सगळे वापरले की झिजतात, आणि न वापरले तर टिकतात. त्यावरून निघणारा सल्ला सरळ आहे: जपून वापरा. सांध्याची रचना मात्र या हिशेबात बसत नाही. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो काही मिलिमीटर जाड असतो आणि त्याचा बहुतांश भाग पाणीच असतो. ते पाणी धरून ठेवणारे रेणू कोलॅजेनच्या जाळीत अडकवलेले असतात, आणि या सगळ्याची देखभाल करणाऱ्या जिवंत पेशी त्यात विखुरलेल्या असतात. या थरात रक्तवाहिन्या नाहीत. मग या पेशींना अन्न मिळते कुठून? सांध्यातल्या द्रवातून. आपण पाऊल टाकतो तेव्हा कूर्चा दाबली जाऊन तिच्यातला द्रव बाहेर येतो, पाऊल उचलतो तेव्हा ती तो पुन्हा शोषून घेते. म्हणजे हालचाल हीच तिची जेवणाची वेळ. मणक्याच्या दुखापतीने पाय लुळे पडलेल्या माणसांच्या गुडघ्यांची एमआरआयने तपासणी केली, तेव्हा पहिल्या दोन वर्षांतच कूर्चा पातळ होत गेल्याचे दिसले. ज्या सांध्यावर भारच नव्हता तो टिकला नाही, उलट खंगला. याउलट २००५ मध्ये स्वीडनमध्ये मेनिस्कसची (गुडघ्यातल्या चकतीसारख्या गादीची) शस्त्रक्रिया झालेल्या मध्यमवयीन माणसांना चार महिने नेमाने व्यायाम दिल्यावर त्यांच्या कूर्चेतल्या पाणी धरणाऱ्या रेणूंचे प्रमाण सुधारल्याची चिन्हे मिळाली. टायरच्या बाबतीत असे कधी घडत नाही.

वय आणि वापर हीच कारणे असती, तर जास्त चालणाऱ्या जुन्या पिढ्यांचे गुडघे आपल्यापेक्षा अधिक झिजलेले मिळायला हवे होते. ही गोष्ट तपासता येते, कारण कूर्चा पूर्ण गेली की हाड हाडावर घासून चकाकते आणि ती चकाकी सांगाड्यावर शेकडो वर्षे टिकते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या अडीच हजारांहून अधिक माणसांचे सांगाडे तपासले. प्राचीन शिकारी आणि शेतकरी समाजांतल्या सांगाड्यांपैकी आठ टक्क्यांत, औद्योगिक युगाच्या आरंभीच्या सहा टक्क्यांत, तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आणि त्यानंतरच्या सोळा टक्क्यांत ही खूण सापडली. लोक आता जास्त जगतात आणि जास्त जाड आहेत, हे गणितातून वजा केल्यावरही प्रमाण दुपटीच्या आसपासच राहिले. पायपीट करणाऱ्या जुन्या पिढ्यांपेक्षा अलीकडच्या पिढ्यांचे गुडघे अधिक बिघडले, एवढे यातून दिसते. त्याची नेमकी कारणे शोधणे चालू आहे. धावणाऱ्यांचा पुरावाही याच दिशेला बोट दाखवतो. २०१७ मध्येच अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा वा खुब्याचा हा आजार साडेतीन टक्के, बैठ्या माणसांत सुमारे दहा टक्के आणि स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत तेरा टक्क्यांच्या वर आढळला. ज्यांचे सांधे आधीच दुखतात ते धावणे सोडतात, हा दोष अशा तुलनेत राहतोच. तरीही वापराने झीज होते हे सूत्र खरे असते, तर बैठी माणसे या यादीत सर्वांत खाली असायला हवी होती.

आता एक्स-रेकडे वळू. आपल्याकडे एक्स-रे निकालपत्रासारखा वाचला जातो. ज्याला ‘गॅप’ म्हणतात ती मोकळी जागा नव्हेच. ती कूर्चा आहे, फक्त एक्स-रेला ती दिसत नाही म्हणून तिथे काळी पट्टी उमटते. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये या चित्रांना शून्य ते चार अशा श्रेणी दिल्या आणि आजही ‘ग्रेड थ्री आहे’ असे सांगितले जाते ते त्याच मापाने. पण ही श्रेणी चित्राची आहे, दुखण्याची नव्हे. तिसऱ्या श्रेणीचा गुडघा घेऊन जिने चढणारे असतात आणि पहिल्या श्रेणीत विव्हळणारेही असतात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या, एक्स-रेत काहीच दोष नसलेल्या पन्नाशीपुढच्या ७१० जणांची एमआरआय तपासणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ८९ टक्के लोकांच्या गुडघ्यात काही ना काही ‘बिघाड’ निघाला, आणि ज्यांना दुखत नव्हते त्यांच्यातही हे प्रमाण जवळजवळ तेवढेच होते. कूर्चेत चेतातंतू नसतात. वेदना येते ती तिच्याखालच्या हाडातून, सांध्याच्या अस्तरातून, भोवतालच्या स्नायू-बंधांतून, आणि झोप, काळजी, भीती यांनी तिचा आवाज कमी-जास्त होतो. म्हणूनच ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की पंचेचाळिशी उलटलेली असेल, दुखणे हालचालीशी निगडित असेल आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत जात असेल, तर निदानासाठी चित्राची गरजच नाही. ताठरपणा तासन्‌तास टिकत असेल, सांधा गरम होऊन सुजत असेल, ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर मात्र तो वेगळा आजार असू शकतो आणि तिथे उशीर परवडत नाही.

हा वेगळेपणा मराठीत आणखी धूसर होतो, कारण आपल्याकडे सांध्यांच्या सगळ्या दुखण्यांना ‘संधिवात’ किंवा नुसते ‘वात’ म्हणायची पद्धत आहे. जुने वैद्यक याबाबत आपल्यापेक्षा काटेकोर होते. संधिगत वात (साधारणपणे ऑस्टिओआर्थ्रायटिस) आणि आमवात (साधारणपणे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) अशी दोन नावे त्याने वेगळी ठेवली. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ पद्धतीने घरोघर जाऊन पाहणी झाली. चार हजारांवर प्रौढांत ऑस्टिओआर्थ्रायटिस शंभरांत पाच-सहा जणांना, तर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस दोनशेत एखाद्याला आढळला. दुसरा विरळ आहे, पण त्यावर वेळेत औषध मिळाले नाही तर सांधे वाकडे होतात. पहिला सर्रास आहे आणि त्याचे औषध मुख्यतः गोळीत नाही. दोघांना एकाच शब्दात कोंबले की एकाचे उपचार राहून जातात आणि दुसऱ्याला नको ते उपचार मिळतात. शिवाय पहिल्यातही शुद्ध घासाघीस नसते. जाड माणसांच्या हातांच्या बोटांतही हा आजार जास्त आढळतो, आणि बोटांवर कोणी चालत नाही. चरबीच्या पेशी जे दाहकारक पदार्थ रक्तात सोडतात त्यांचाही यात हात आहे. आनुवंशिकता, पाळी थांबल्यानंतरचे बदल आणि जुनी दुखापत हेही वाटेकरी आहेत. तरुणपणी गुडघ्याचा अस्थिबंध किंवा मेनिस्कस फाटलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दहा-वीस वर्षांत हा आजार गाठतो.

शब्द चुकला तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. झीज म्हटली की पहिला विचार येतो सांधा राखून ठेवण्याचा. चालणे कमी होते, मांडीचे स्नायू सैल पडतात, सांध्याचा आधार जातो, वजन वाढते आणि दुखणे आणखी वाढते. दुसरा विचार येतो वंगण घालण्याचा. सांध्याचे ‘वंगण’ म्हणून घेतल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन या गोळ्यांची २००६ मध्ये अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. एकूण रुग्णांत या गोळ्या बनावट गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. जास्त दुखणाऱ्यांच्या एका छोट्या गटात फरक दिसला, पण त्यावर भिस्त ठेवण्याइतका नाही. त्याहून बोलका आकडा वेगळाच आहे: बनावट गोळी घेणाऱ्यांपैकी साठ टक्के लोकांचे दुखणे निदान एक पंचमांशाने कमी झाले. हे दुखणे भरती-ओहोटीसारखे असते, माणूस औषध शोधतो ते भरतीला, आणि ओहोटीचे श्रेय जे हाताशी असेल त्या तेलाला, काढ्याला किंवा इंजेक्शनला मिळते. सांध्यात दर तीन महिन्यांनी स्टिरॉइड टोचण्याची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी वेदनेत फरक नव्हता, कूर्चा मात्र बनावट इंजेक्शनवाल्यांपेक्षा जास्त घटली होती. आणि तिसरा परिणाम सर्वांत खोल आहे, तो आपल्या भाषेत मुरलेला. आपल्याकडे झिजणे हा सद्गुण आहे. चंदनासारखे झिजणे, घरासाठी हाडे झिजवणे हे शब्द आईची स्तुती म्हणून वापरले जातात. ज्या झिजण्याची पूजा होते त्यावर उपचार मागायला तीच बाई कशी जाईल? दुखणे हा तिला आपल्या कष्टांचा दाखलाच वाटू लागतो.

मग करायचे काय? पुराव्याने टिकलेल्या गोष्टी दोनच आहेत आणि दोन्ही नीरस आहेत: स्नायू बळकट करणे आणि गरज असेल तिथे वजन उतरवणे. वजन एका किलोने घटले की दर पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. फ्रेमिंगहॅमच्याच जुन्या पाहणीत, दहा वर्षांत साधारण पाच किलो वजन उतरवलेल्या स्त्रियांत दुखऱ्या गुडघ्यांचा धोका निम्म्याहून खाली गेला होता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आहार आणि व्यायाम दोन्ही दीड वर्ष सांभाळणाऱ्यांचे वजन दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरले आणि वेदना जवळपास निम्मी झाली. व्यायाम म्हणजे व्यायामशाळाच हवी असे नाही. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, पायरी चढ-उतार, बसल्या जागी गुडघा सरळ करून धरणे, सपाट रस्त्यावर बेताने वाढवत नेलेले चालणे, यांपासून सुरुवात होते. त्यासाठी एक साधे माप ठेवता येते: व्यायामाने सोसवेल इतके दुखले आणि चोवीस तासांत ते पूर्वपदावर आले, तर मात्रा योग्य, दुसऱ्या दिवशीही ठसठसत राहिले, तर ती कमी करायची, पण थांबायचे नाही. सांधा कटकटला म्हणून घाबरायचेही कारण नाही. अमेरिकेतल्या डोनाल्ड उंगर या डॉक्टरांनी साठ वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे मोडली, दोन्ही हातांत काही फरक निघाला नाही, आणि त्यांना २००९ मध्ये गमतीदार संशोधनासाठी दिले जाणारे इग नोबेल मिळाले. एका माणसाचा प्रयोग पुरावा म्हणून लंगडा असला, तरी बोटे मोडू नको म्हणून दटावणाऱ्यांकडे तेवढाही नाही.

या मांडणीवर पहिला आक्षेप येईल तो असा की शब्द कितीही बदला, कूर्चा तर जातेच आणि गेलेली परत येत नाही. हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. स्कॉटिश वैद्य विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवले होते की एकदा नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही. अलीकडे त्याची विलक्षण खातरजमा झाली. गेल्या शतकाच्या मध्याला झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतले कार्बन-१४ वाढले आणि ते त्या काळात वाढणाऱ्या मुलांच्या शरीरात शिरले. २०१६ मध्ये गुडघ्यांच्या कूर्चेतले हे प्रमाण मोजले, तेव्हा कळले की कोलॅजेनची जाळी बालपण-किशोरवयात विणली जाते आणि प्रौढपणी जवळजवळ बदलतच नाही. तेव्हा ‘गादी पुन्हा भरते’ असे सांगणारी प्रत्येक जाहिरात खोटी आहे. पण यातून हात टेकण्याचा निष्कर्ष निघत नाही. जाळी बदलत नसली तरी तिच्यातले पाणी धरणारे रेणू बदलतात, स्नायू कोणत्याही वयात बळकट होतात, आणि वेदना तर चित्राच्या मागे चालतच नाही. उपचाराचे उद्दिष्ट चित्र सुधारणे हे नसून माणसाचे चालणे सुधारणे हे आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. व्यायामाचा फायदाही फारसा नाही, असे वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेचा २०२४ मधला आढावा सांगत नाही का? सांगतो. शंभराहून अधिक चाचण्या एकत्र पाहून त्याने निष्कर्ष काढला की व्यायामाने वेदना आणि हालचाल सुधारते, पण सरासरी सुधारणा माफक आहे, रुग्णाला ती ठळक जाणवेलच असे नाही. हा इशारा मान्य करायला हवा. व्यायामाला जडीबुटीचे रूप देणे ही दुसरी फसवणूक ठरेल. पण तुलना कशाशी करायची हेही पाहावे. वेदनाशामक गोळ्यांचा फायदाही माफकच असतो आणि त्यांची किंमत जठर, मूत्रपिंड आणि हृदय मोजतात. वरून लावायचे डायक्लोफेनॅकचे मलम त्यामानाने सुरक्षित. व्यायामाचे दुष्परिणाम क्षुल्लक, आणि लाभ गुडघ्यापाशी थांबत नाहीत: मधुमेह, रक्तदाब, पडण्याची भीती या सगळ्यांवर ते पोचतात.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे, आणि तो सर्वांत वजनदार. भाताची लावणी करणाऱ्या, उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहणाऱ्या बाईला ‘हालचाल करा’ असे सांगणे ही थट्टा नव्हे काय? तिचा सांधा उपाशी नाही, तो पिचलेला आहे. पेइचिंगमधल्या मोठ्या पाहणीत तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवे बसलेल्यांना पुढे गुडघ्याचा आजार अधिक प्रमाणात आढळला. गुडघे टेकून आणि जड ओझी उचलून करावी लागणारी कामेही धोका वाढवतात. म्हणून येथे मांडलेले सूत्र ‘जितके जास्त तितके बरे’ असे नाही. जेवणाच्या उपमेनेच सांगायचे तर उपास आणि अजीर्ण दोन्ही वाईट. शहरातल्या बैठ्या माणसाला भार वाढवायला हवा; शेतातल्या बाईला तो वाटून, थांबून, कामाची बैठक बदलून घ्यायला हवा, आणि तो अधिकार पुष्कळदा तिच्या हातात नसतो. लांब दांड्याचे खुरपे, उंच चूल, घरात कमोड, वाहून न्यायच्या ओझ्याला मर्यादा हेही सांध्यांचेच उपचार आहेत, फक्त ते दवाखान्यात मिळत नाहीत. झीज हा शब्द हा फरकही पुसून टाकतो. तो सगळ्या दुखण्याचे खापर वयावर फोडून मालकाला आणि व्यवस्थेला मोकळे सोडतो.

उरला प्रश्न ‘वाट्या बदलण्याचा’. या शस्त्रक्रियेत वाटी नव्हे, तर मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोके कापून त्यांवर धातू आणि प्लॅस्टिकचे आवरण बसवतात. सांधा आतून धुऊन-घासून घेण्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया मात्र यापासून वेगळी समजावी. २००२ मध्ये ह्यूस्टनला १८० रुग्णांवर झालेल्या प्रसिद्ध चाचणीत काहींना केवळ त्वचेवर छेद दिले, तरी दोन वर्षांनी खऱ्या आणि नाटकी शस्त्रक्रियेत फरक निघाला नाही. पूर्ण सांधेरोपणाची गोष्ट तशी नाही. योग्य माणसाला ते नवे चालणे देते. डेन्मार्कमध्ये २०१५ साली रोपणास पात्र ठरलेल्या शंभर जणांपैकी निम्म्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि निम्म्यांना आधी व्यायाम, आहार आणि समुपदेशन मिळाले. वर्षभराने शस्त्रक्रियेचा गट वेदनेत स्पष्ट पुढे होता, पण गंभीर दुष्परिणामही त्याच गटात जास्त होते. आणि दुसऱ्या गटातल्या चौघांपैकी तिघांना त्या वर्षात शस्त्रक्रिया लागलीच नाही. भारतात ऑगस्ट २०१७ मध्ये औषध किंमत नियामक प्राधिकरणाने नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपयांवर आणली, तेव्हा हे दार अनेकांना उघडले. दार उघडे असणे चांगलेच. पण ते शेवटचे दार आहे, आणि त्याच्या अलीकडच्या खोल्या न पाहता तिथे पोचणे शहाणपणाचे नाही.

पुढील प्रकरणे या खोल्यांमधून एकेक करून जातात: सांध्याची रचना, वेदनेचे शास्त्र, स्नायूंचे व्यायाम, आहार आणि वजन, औषधांचे नफेतोटे, कामाच्या जागा आणि शेवटी शस्त्रक्रिया. ती वाचून कोणाची गेलेली कूर्चा परत येणार नाही. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘किती झिजलाय?’ या प्रश्नाला एक आकडा मिळतो आणि संवाद तिथेच मिटतो. ‘आज मी किती चालू शकतो, आणि तीन महिन्यांनी त्याहून जास्त चालायचे तर काय करू?’ असे विचारले, की उत्तर देताना डॉक्टरांना चित्र खाली ठेवून समोरच्या माणसाकडे पाहावे लागते. वाचकाने हा दुसरा प्रश्न विचारायला शिकावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.